घास भरवण्याआधी: चावणं, चव आणि गिळणं स्वतःच्या तोंडात समजून घ्या

जेवताना कुणाला ठसका लागला की आपल्याकडे सगळं घर एकच सांगतं, "वर बघ, वर बघ!" कुणी टाळूवर थापटतं, कुणी पाण्याचा तांब्या पुढं करतं. आमच्या आजीला लकवा मारला तेव्हा आम्हीही तेच केलं. तिची हनुवटी वर धरून फुलपात्रातलं पाणी तोंडात सोडलं, ठसका लागला, परत "वर बघ" म्हटलं, परत पाणी दिलं. चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि छातीत घरघर सुरू झाली. पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जात होतं. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सगळ्या अवयवांची नावं पाठ होती, पण घशात नेमकं काय घडतं ते मी कधी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिलं नव्हतं.

आता लातूरला वॉर्डात काम करताना पेशंटसोबत आलेल्या लेकींना, सुनांना, मुलांना मी जे शिकवते, तेच इथं लिहिते आहे. ज्यांच्यावर घरच्या माणसाला भरवायची पाळी पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ताज्या ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा, चिमूटभर बडीशेप आणि पेलाभर पाणी शेजारी घेऊन बसा. दुसऱ्याच्या तोंडात घास घालण्याआधी आपल्या तोंडातला घास कसा जातो ते बघू.

पहिली पायरी: चावून बघा

दोन्ही हातांची बोटं कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली एक गाठोडं फुगतं, तो चावण्याचा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलावर न्या आणि पुन्हा आवळा, तिथंही हालचाल लागेल. कानाच्या अगदी पुढं बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की जबड्याचा सांधा सरकताना कळतो. आत आणखी दोन जोड्या स्नायू आहेत, त्या बाहेरून लागत नाहीत. या चारही जोड्यांना मेंदूतून निघणारी पाचवी नस चालवते.

आता भाकरीचा तुकडा तोंडात टाका, पण गिळू नका. पुढचे पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, उपदाढा आणि दाढा दळतात. मोठ्या माणसाला अक्कलदाढा धरून ३२ दात असतात, त्यातल्या २० उपदाढा आणि दाढा. म्हणजे तोंडाचं खरं काम दळण्याचंच. जबडा नुसता वर-खाली होत नाही, थोडा आडवा फिरतो. जात्यात खालची तळी स्थिर असते आणि वरची पाळी फिरते. तोंडात त्याच्या उलट, वरची दाढ स्थिर आणि खालची फिरती. जात्यात धान्य वैरायला एक हात लागतो, तो हात म्हणजे जीभ. ती घास दाढेवर ढकलते. बाहेरच्या बाजूनं गाल त्याला अडवून धरतो, नाहीतर घास गाल आणि हिरडीच्या मधे जाऊन बसला असता.

लकव्याच्या पेशंटमध्ये नेमकी हीच गोष्ट बिघडते. चावायचे स्नायू मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम घेतात, म्हणून एका बाजूचा मेंदू दुखावला तरी चावण्याची ताकद बऱ्याच वेळा शाबूत राहते. पण गालाचा आणि ओठांचा खालचा भाग ढिला पडतो, जीभही एका बाजूला कमजोर होते. घरचे म्हणतात, "चावतंय की चांगलं!" चावतात खरं, पण अर्धा घास ढिल्या गालात साठून राहतो, आणि तासाभरानं आडवं झाल्यावर तोच घसरून घशात येतो. म्हणून भरवून झाल्यावर गालात डोकावायचंच.

तोंडातल्या भाकरीकडे परत या. ज्वारीत गहू-मैद्यासारखा चिकटपणा नसतो. भाकरी चावली की तिचा भुगा होतो, आणि तो भुगा एकत्र बांधायला लाळ लागते. जिभेचं टोक वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला फिरवा, बारीक उंचवटा लागेल. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तिथं उघडते. गालफुगीत सुजते तीच ही ग्रंथी. जबड्याखाली आणि जिभेखाली आणखी दोन-दोन ग्रंथी आहेत. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सोडतात. मिनिटभर चावल्यावर भाकरी गोडसर लागायला लागली असेल. लाळेतलं पाचक द्रव्य ज्वारीतल्या पिठूळ भागाचे तुकडे करून त्याची साखर करतं, तो हा गोडवा.

"बत्तीस वेळा चावा" हा हिशेब मला पटत नाही. पिकल्या केळाला बत्तीस वेळा कशाला चावायचं, आणि सुक्या भाकरीला तेवढंही पुरत नाही. घास बारीक झाला, ओला झाला आणि एकाच गोळ्यात बांधला गेला, की तो गिळायला तयार झाला. आपल्या आज्या लेकरांना भाकरी दुधात कुस्करून, मळून काला करून द्यायच्या, तेव्हा त्या दाढांचं आणि लाळेचं काम हातानं करत होत्या.

चावण्याबद्दल एक गोष्ट पोटतिडकीनं सांगायची आहे. तुमची तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारण बसायला हवीत. आमच्याकडे पंचविशीतली पोरं येतात, ज्यांच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. तिखट लागलं की आग होते, गालाची आतली कातडी पांढुरकी पडून दोरीसारखी ताठ होते. हे सुपारीनं होतं, मग ती गुटख्यातली असो, माव्यातली असो की साधी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पोरांच्या खिशात पुड्या असतातच. ताठ झालेली कातडी पूर्ववत मऊ होत नाही, आणि याच तोंडात पुढं कॅन्सर होण्याचा धोका असतो. बोटं बसत नसतील तर सुपारी त्याच दिवशी बंद करा आणि दाताच्या डॉक्टरांना दाखवा. छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे.

दुसरी पायरी: चव घेऊन बघा

नाक चिमटीत धरा आणि बडीशेप चावा. थोडा गोडवा कळेल, बडीशेप कळणार नाही. आता नाक सोडा. एकदम वास भरून येतो आणि "ही बडीशेप" असं कळतं. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग हा वास असतो, आणि तो तोंडातून मागच्या बाजूनं नाकात चढतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळं.

जिभेला स्वतःला पाचच चवी कळतात: गोड, खारट, आंबट, कडू आणि पाचवी उमामी. मटणाच्या रश्शात, पिकल्या टोमॅटोत जो भरीव स्वाद असतो, तो उमामीचा. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये तो वेगळा काढून दाखवला. टोकाला गोड, कडेला आंबट, मागं कडू असा जिभेचा नकाशा शाळेत शिकला असाल तर तो विसरून जा. चव कळते अशा सगळ्या भागांत पाचही चवी कळतात. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवी नस मेंदूकडे नेते, मागच्या भागाची नववी. चव ओळखणाऱ्या पेशी साधारण दहा-पंधरा दिवसांत बदलतात, म्हणून गरम चहानं पोळलेली जीभ थोड्या दिवसांत पूर्ववत होते.

मग तिखट कुठं गेलं? ठेच्याचा तिखटपणा ही चव नसून आग आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या संवेदकाला चिकटतं, तोच संवेदक साधारण ४३ अंशांच्या वरचा चटका ओळखतो. मिरची लागली की मेंदूला खरंच भाजल्याची बातमी जाते. हा संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठेचा झोंबल्यावर तांब्याभर पाण्यानं भागत नाही आणि दुधा-दह्यानं भागतं. तुरटपणाही असाच. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, कारण जांभळातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. आयुर्वेदानं तिखट आणि तुरट धरून सहा रस मोजले, ते जेवणाऱ्याच्या अनुभवाला धरूनच आहेत. फक्त नावांत एक गंमत आहे: संस्कृतातला कटु रस म्हणजे आपलं तिखट, आणि तिक्त म्हणजे आपलं कडू.

भरवणाऱ्यानं हे कशासाठी शिकायचं? पेशंटचं म्हणून आपण सगळं आळणी आणि बिनवासाचं करतो. वयानं वास घेण्याची ताकद आधीच उतरलेली असते, काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि वर आळणी पेज. माणूस तोंड मिटून घेतो आणि घरचे म्हणतात, "जेवायचंच नाही म्हणते." डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर मीठ कमीच ठेवा, पण जिऱ्याची फोडणी, तूप, वाटलेली कोथिंबीर यांना कुणी मनाई केलेली नाही. पानचिंचोलीच्या चिंचेचं नाव काढलं तरी लातूरच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. घासाला तीच लाळ हवी असते. जेवण्याआधी पेशंटला ताटाचा वास घेऊ द्या, आज काय केलंय ते सांगा.

तिसरी पायरी: गिळून बघा

इथं घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या.

गळ्यासमोरच्या उंचवट्यावर, कंठमण्यावर, दोन बोटं हलकेच ठेवा. बायकांमध्ये तो कमी दिसतो, पण हाताला लागतो. आता लाळ गिळा. कंठमणी टुणकन वर चढून पुन्हा खाली आला. दुसऱ्यांदा गिळताना श्वासाकडे लक्ष द्या, तो क्षणभर थांबतो. तिसऱ्यांदा तोंड उघडं ठेवून गिळायचा प्रयत्न करा. फार अवघड जातं, कारण जिभेला घास मागं रेटायला मिटलेल्या तोंडाचा आधार लागतो.

आत असं घडतं. नाकातून येणारी हवा घशात मागून उतरते आणि तिला पुढच्या श्वासनलिकेत जायचं असतं. तोंडातला घास पुढून येतो आणि त्याला मागच्या अन्ननलिकेत जायचं असतं. दोन्ही रस्ते घशात एकमेकांना कापतात. पूर्णा जंक्शनवर गाडी यायच्या आत सांधा बदललेला असावा लागतो, तसंच इथं. जीभ घास मागं ढकलते, तसा तोंडाच्या छताचा मागचा मऊ भाग, म्हणजे मऊ टाळू, वर उचलून नाकाचा रस्ता बंद करतो. स्वरयंत्र वर आणि पुढं सरकतं, हाच तुमच्या बोटांखाली चढलेला कंठमणी. त्याच वेळी स्वरतंतू एकमेकांना चिकटतात, वरून कंठच्छद नावाचं पानासारखं झाकण आडवं होतं आणि अन्ननलिकेचं एरवी मिटलेलं तोंड उघडतं. घास घशातून पार होतो. हे सगळं एका सेकंदाच्या आसपास उरकतं, आणि तेवढाच वेळ श्वास थांबतो. दिवसभरात आपण सुमारे ६०० वेळा गिळतो, त्यातलं बरंचसं नुसती लाळ असते.

पुढची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर, वीतभर आणि वर दोन बोटं. तिच्या भिंती मागून आवळत घासाला आठ-दहा सेकंदांत जठरापर्यंत नेतात. तिथल्या कामावर आपला ताबा नसतो.

आता हनुवटी छताकडे करा आणि तशीच ठेवून लाळ गिळून बघा. जड जातं ना? मान मागं गेली की स्वरयंत्राला वर चढायला जागा उरत नाही, आणि तोंडातलं पाणी मात्र उतारावरून आपोआप मागं पळतं. बेशुद्ध माणसाला श्वास द्यायचा असतो तेव्हा डोकं मागं करतात ते श्वासमार्ग मोकळा व्हावा म्हणून. गिळताना तोच मार्ग बंद व्हायला हवा असतो. म्हणून "वर बघ" हा सल्ला कितीही मायेनं दिलेला असला तरी उलटा आहे. ठसका लागलेल्या माणसाला पुढं वाकवा आणि खोकू द्या.

आणि पेल्यातलं पाणी? त्याचा एक घोट घ्या आणि ते किती झटकन घशात पोचतं ते बघा. ज्याचा सांधा बदलायला अर्धा सेकंद उशीर होतो, त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचा पदार्थ पाणी आहे. "जड जातंय ना, मग पातळच द्या" ही घरोघरची समजूत म्हणूनच नडते.

चौथी पायरी: आता भरवा

लकव्यानंतर पहिल्या दिवसांत साधारण निम्म्या पेशंटना गिळायला त्रास होतो. डॉक्टरांनी किंवा स्पीच थेरपिस्टनी (बोलण्यासोबत गिळण्यावरही उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी) गिळणं तपासून तोंडानं द्यायला सांगितलं असेल तरच पुढचं वाचून करा. नाकातून नळी घातली असेल तर ती कारणानं घातलेली आहे. "एक घोट चहानं काय होतंय" असं म्हणून देऊ नका.

पेशंट पूर्ण जागा हवा. पेंगत असेल तर जेवण थांबवा. खुर्चीत किंवा पाठीला लोड-उशा लावून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. जास्त खाली वाकवायची किंवा मान एका बाजूला वळवायची, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं आणि ते थेरपिस्टच सांगतील. तुम्हीही बसा. उभ्यानं भरवलं की पेशंटला वर बघावं लागतं, आणि आपण नकळत तीच चूक करतो. टीव्ही बंद, गप्पा नंतर.

चहाचा लहान, चपटा चमचा घ्या, तोही अर्धा. घास जिभेच्या चांगल्या बाजूला ठेवा आणि चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या दातांना घासत वर ओढला की मान मागं जाते. मग थांबा. कंठमण्यावर नजर ठेवा. तो चढला, उतरला, म्हणजे गिळलं. काहींना एका घासाला दोनदा गिळावं लागतं. मग "आ" म्हणायला सांगा. आवाज स्वच्छ आला तर पुढचा घास. नरड्यात पाणी असल्यासारखा खळखळ आवाज आला तर खाकरून परत गिळायला लावा. अर्ध्या तासाच्या आसपास माणूस दमतो. दमल्यावर रेटून भरवलेले शेवटचे चार घासच छातीत जातात, असं मी वॉर्डात फार वेळा पाहिलं आहे.

पाणी द्यायची परवानगी असली तरी तांब्यानं वरून पिण्याची सवय बंद, कारण त्यात डोकं मागं जातंच. पेला अर्ध्याच्या खाली गेला की डोकं मागं करावं लागतं, म्हणून पेला भरत राहा.

जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. गाल तपासा, कवळी काढून धुवा, दात आणि जीभ मऊ ब्रशनं किंवा ओल्या फडक्यानं पुसा. हे काम लोक टाळतात, आणि मला ते भरवण्याइतकंच मोलाचं वाटतं. लाळ थोडीफार चुकीच्या वाटेनं जातच असते. ती अस्वच्छ तोंडातली असेल तर तिच्यासोबत जंतूही फुप्फुसात जातात.

काय द्यायचं

मऊ, ओलं आणि सगळीकडून सारखं, एवढं लक्षात ठेवा. चमचा तिरपा केला की पदार्थ एका गोळ्यात पडावा, धार लागू नये आणि चमच्याला चिकटूनही बसू नये. ताकातल्या घट्ट, घोटलेल्या ज्वारीच्या कण्या, घट्ट आंबील, घोटलेला वरण-भात तूप घालून, कुस्करलेलं केळ, उन्हाळ्यात चाळणीतून काढलेला केसर आंब्याचा घट्ट रस. किती घट्ट हवं ते थेरपिस्ट ठरवून देतील.

वरणाचं नुसतं पाणी नको. चहात बुडवलेलं बिस्कीट किंवा आमटीत तरंगणारे भाकरीचे तुकडे तर त्याहून वाईट, कारण तोंड तुकडा चावत असतं आणि तोवर पातळ पुढं पळून जातं. आइस्क्रीम तोंडात पाणीच होतं. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, हुरडा, अख्खी द्राक्षं बंद. गोळ्या कुटून द्यायच्या की नाही ते विचारा, काही गोळ्या फोडल्या की एकदम अंगावर येतात.

घट्ट खाणाऱ्याच्या पोटात पाणी कमी जातं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. दिवसभरात किती वाट्या पातळसर पदार्थ गेले ते वहीत लिहा. लघवी गडद पिवळी दिसली किंवा ओठ कोरडे पडले तर डॉक्टरांना कळवा.

कधी थांबायचं, कधी धावायचं

खाताना दर वेळी खोकला, जेवणानंतर ओला आवाज, नाकातून पदार्थ येणं, संध्याकाळचा बारीक ताप, महिनाभरात उतरलेलं वजन, यातलं काहीही दिसलं तर भरवणं थांबवून दाखवा. काहींना पाणी छातीत जाऊनही खोकला येत नाही, म्हणून "ठसका लागत नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. कान-नाक-घसा विभागात गिळण्याच्या तपासणीबद्दल विचारा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

घास पूर्ण अडकला तर माणसाला बोलता येत नाही, खोकता येत नाही, हात गळ्याकडं जातात. जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर पुढं वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधे तळहातानं पाच जोरदार थापा द्या. निघाला नाही तर मागं उभं राहून बेंबीच्या जरा वर मूठ धरा आणि आत-वर असे पाच झटके द्या. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. वर्षाच्या आतल्या लेकराला पोटावर झटके द्यायचे नसतात. त्याला हातावर पालथं धरून पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच दाब द्या. कुणालाच पाणी पाजू नका, आणि दिसत नसलेला घास काढायला घशात बोट घालू नका.

आमची आजी त्या न्यूमोनियातून उठली. आधी नळी, मग घट्ट कण्या, मग कालवलेला भात, असं करत दोन महिने गेले. मग थेरपिस्टनी पुन्हा तपासलं आणि मऊ घास चालेल म्हणाल्या. त्या दिवशी आईनं भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोलला, दुधात भिजवून मळला, आणि तिच्या शेजारी पाटावर बसली. आजीनं हळूहळू चावलं. मी तिच्या कंठमण्याकडं बघत होते. तो चढला, क्षणभर थांबला, उतरला. "आ म्हण," मी म्हटलं. आजी म्हणाली, "आ. अन् माय, उद्या जराशी शेंगदाण्याची चटणी बारीक वाटून लाव याला."

चटणी आम्ही आणखी तीन आठवड्यांनी दिली, दह्यात अगदी गंधासारखी वाटून.